कापरेकर मास्तरांना निदान पगार तरी होता

ऑक्टोबर संपत आला होता, द्राक्षांची गोडी छाटणी नुकतीच आटोपलेली, आणि दिंडोरी तालुक्यातून एक काका मला भेटायला थेट नाशिकच्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आले, बोटांना पेस्टिंगचा, म्हणजे छाटलेल्या काड्यांना लावायच्या औषधाचा, लाल रंग अजून तसाच. त्यांचा मुलगा आमच्याकडे बी.ई. कॉम्प्युटरला आहे. त्याला कॅम्पसमधून पुण्याच्या एका कंपनीची ऑफर आली होती आणि पोरगं म्हणत होतं जॉइन नाही व्हायचं, मला थिअरी करायचीये, पीएचडीला जायचंय. काका खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, तो हे जे काय करायचं म्हणतोय, त्याला मार्केट आहे का?"

मी बारा वर्षं टीओसी शिकवतेय. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, म्हणजे कॉम्प्युटरला मुळात काय जमू शकतं आणि काय नाही याचं गणित. आणि मला पटकन उत्तर देता आलं नाही, कारण खरं उत्तर 'नाही' असंच आहे आणि तरीसुद्धा त्या मुलाने जावं असं मला मनापासून वाटत होतं. त्या दिवसापासून डोक्यात जे घोळतंय ते लिहून टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे टीओसी म्हणजे 'काढायचा' सब्जेक्ट. टी.ई.ला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला येतो, इनसेम तीसची, एंडसेम सत्तरची, पोरं गेल्या पाच वर्षांचे पेपर घेऊन बसतात, पंपिंग लेमा पाठ करतात, ट्युरिंग मशीनची दोन गणितं घोटतात आणि निघाला की सुटलो म्हणतात. आता त्या कागदावरच्या, कल्पनेतल्या मशीनचा बाप म्हणजे इंग्रज गणिती ॲलन ट्युरिंग, त्याने १९३६ साली, म्हणजे आज आपण ज्याला कॉम्प्युटर म्हणतो ते डबडं जन्मायच्या आधी, सिद्ध करून ठेवलं की कुठलाही प्रोग्रॅम हातात दिला तर तो कधीतरी थांबणार की कायम फिरतच राहणार हे दरवेळी बिनचूक सांगेल अशी एक रीत असूच शकत नाही. सापडली नाही असं नाही, असूच शकत नाही. हे वर्गात सांगताना माझ्या अजून अंगावर काटा येतो आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, हे किती मार्काला येतं?" मी पोरांना दोष देत नाही, आपणच त्यांना तसं शिकवलंय.

तर ही थिअरीवाली माणसं दिवसभर करतात काय? कोडिंग बहुतेक नाहीच. कागद, पेन, फळा, आणि भरपूर वेळ नुसतं बसणं. समजा नाशिकरोडहून एक कुरिअरवाला पोरगा २० पार्सलं घेऊन निघाला, सिडको, इंदिरानगर, पंचवटी, म्हसरूळ असं सगळं फिरून परत यायचंय, कुठल्या क्रमाने गेला तर पेट्रोल सगळ्यात कमी लागेल? २० ठिकाणांचे क्रम मोजले तर तो आकडा येतो २४ आणि त्याच्यापुढे आणखी १७ आकडे. सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासणारा कॉम्प्युटर बसवला तरी ७७ वर्षं लागतील, आणि एक पार्सल वाढलं तर सोळाशेच्या वर. आता गंमत बघा. १९६२ साली बेलमन यांनी एकीकडे आणि हेल्ड-कार्प या दोघांनी दुसरीकडे कागदावर एक युक्ती काढली, की प्रत्येक क्रम वेगळा तपासायची गरजच नाही, आत्तापर्यंत कुठली ठिकाणं झाली आणि आत्ता कुठे उभे आहोत एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं. त्याच कॉम्प्युटरवर ती ७७ वर्षं सेकंद-दोन सेकंदांवर आली. मशीन तेच, कोणीतरी नीट विचार केला एवढाच फरक. पण ही युक्ती पण ६० पार्सलांना दम तोडते, परत लाखाच्या वर वर्षं, आणि यापेक्षा मुळातून चांगली रीत आहे की नाही हा प्रश्न शेवटी पी विरुद्ध एनपी नावाच्या त्या प्रसिद्ध कोड्यापाशी (ज्याचं उत्तर झटपट तपासता येतं ते झटपट शोधताही येतं का?) जाऊन अडकतो, ज्याला अमेरिकेतल्या क्ले इन्स्टिट्यूटने २००० साली दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलंय आणि ते अजून तसंच पडून आहे.

मग लोकांनी म्हटलं सगळ्यात कमी नको, निदान गॅरंटी द्या. १९७६ मध्ये ख्रिस्तोफिडेसने गॅरंटी दिली की माझ्या रीतीने काढलेला रस्ता सगळ्यात छोट्या रस्त्याच्या दीडपटीच्या पुढे कधीच जाणार नाही. ते दीड कमी करायला जगभरची हुशार माणसं चाळीसच्या वर वर्षं झटली, आणि शेवटी २०२० मध्ये कार्लिन, क्लाइन आणि ओवेस घारान यांनी ते कमी केलं, किती, तर दशांश चिन्हानंतर ३५ शून्यं आणि मग एक, एवढं. आमच्या स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा सगळे खो खो हसले. मी पण हसले. पण ज्यांना यातलं कळतं त्यांनी त्या पेपरला पुढच्या वर्षी बेस्ट पेपरचं बक्षीस दिलं, कारण प्रश्न आकड्याचा नव्हता, दीडची भिंत फुटू शकते का हा होता.

आणि दुसऱ्या काही प्रश्नांतली भिंत फुटणारच नाही असं सांगणारा माणूस आपल्या इचलकरंजीचा आहे. सुभाष खोत. १९७८ चा जन्म, १९९५ ला जेईईत देशात पहिला, आयआयटी मुंबई, मग प्रिन्स्टन. तिथे पीएचडी करत असताना २००२ मध्ये त्यांनी युनिक गेम्स कंजेक्चर मांडलं, कंजेक्चर म्हणजे सिद्ध न झालेला अंदाज. त्यातून काय निघतं ते आपल्या भाषेत सांगायचं तर असं की, सिंहस्थासाठी नाशिकच्या चौकाचौकात कॅमेरे लावायचेत, दोन चौकांमधला प्रत्येक रस्ता निदान एका टोकाकडून दिसला पाहिजे आणि कॅमेरे कमीत कमी पाहिजेत. एक सोपी रीत आहे, न दिसणारा कुठलाही रस्ता घ्या, दोन्ही टोकांना कॅमेरा ठोका, पुढचा घ्या. यात लागतील त्याच्या जास्तीत जास्त दुप्पट कॅमेरे होतात. कुणालाही वाटेल हे काय, काहीतरी डोकं लावून दीडपट तरी करता येईल. खोतांचं कंजेक्चर खरं असेल तर नाही येणार, मोठ्या शहराला झेपेल इतक्या वेळात दुप्पटपेक्षा मुळातून चांगली गॅरंटी कुठलीच रीत देऊ शकणार नाही. कंजेक्चर अजून सिद्ध झालेलं नाही. २०१८ मध्ये खोत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या बरंच जवळ जाणारं एक प्रमेय सिद्ध केलं, तोपर्यंत कित्येक लोक ते खोटंच निघेल म्हणत होते. मधे २०१४ ला त्यांना नेवानलिना प्राइझ हे या विषयातलं मोठं बक्षीस मिळालं.

आता इथे आपल्या लोकांचं एक ठरलेलं वाक्य येतं. बघा, इचलकरंजीतून गेला ना, पोरगं हुशार असेल तर कुठूनही जातं. मला हे वाक्य अजिबात पटत नाही. जे पोचले त्यांची नावं आपल्याला माहिती आहेत, जे टी.ई.लाच 'थिअरीत काय ठेवलंय' ऐकून वळले त्यांची यादी कोण करणार? आणि 'गेला' हा शब्द पण बघा. गेलाच. आपण त्याला ठेवून घ्यायची सोयच केलेली नाही, तरी मिरवायला आपण पुढे.

नाशिकने एकदा ठेवून घेतलं होतं, म्हणजे चुकून. द. रा. कापरेकर. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ मास्तर होते, शिक्षण बी.एस्सी. पर्यंतचं. कुठलाही चार आकडी नंबर घ्या, सगळे आकडे सारखे नकोत, मोठ्याकडून लहान लावा, उलटे लावा, वजा करा, परत तेच. ३५२४ घ्या. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतं, आणि कुठल्याही नंबरापासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोचताच. मी ट्युरिंग शिकवायच्या आधी पोरांकडून हे करून घेते, कारण ही थांबणारी रीत आहे आणि ती थांबतेच हे आपण सगळे नंबर तपासून सांगू शकतो, आणि मग म्हणते आता जिथे तपासून संपतच नाही तिथे काय कराल. त्या दिवशी वर्ग शांत असतो. या मास्तरांना इथल्या गणितातल्या मोठ्या लोकांनी फार काळ खेळण्यातलं गणित करणारा माणूस म्हणूनच बघितलं, १९७५ मध्ये गणिताच्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिलं तेव्हा जगाला कळलं देवळालीला कोण राहतंय.

पण मला कापरेकरांच्या गोष्टीतला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो. त्यांना पगार होता. ठरावीक तारखेला येणारा, ६१७४ वर अवलंबून नसलेला पगार. ते नंबरांशी खेळतात म्हणून कुणी पैसे देत नव्हतं, पण खेळले म्हणून कुणी नोकरीवरून काढतही नव्हतं. शाळेची कायमची नोकरी हीच त्यांची फेलोशिप होती, बत्तीस वर्षांची, आणि ती कुणी मुद्दाम दिलेली नव्हती. (पुढे रिटायर झाल्यावर पेन्शन पुरेना म्हणून त्यांना शिकवण्या घ्याव्या लागल्या, तेही विसरायला नको.)

आज नाशिकमध्ये त्याच जागी कोण आहे? सीएचबीवाला मास्तर. क्लॉक अवर बेसिस, तासाला इतके रुपये, सुट्टीत शून्य, जूनमध्ये परत इंटरव्ह्यू. मी स्वतः पहिली पाच वर्षं असंच काढलंय, सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, मधे स्कूटीवर वडापाव. त्या पाच वर्षांत मी एक पण पेपर धड वाचला नाही, लिहायचं लांबच. आणि जे कायम झाले त्यांना विचार करायला वेळ आहे म्हणाल तर तो फायलींनी खाल्ला, कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची फाईल, एनबीएची फाईल, कोर्स आउटकमचे तक्ते. याच काळात मी जिथे होते अशा एका ठिकाणी झकास एआय लॅबचं उद्घाटन झालं, फीत कापली, फोटो आले, आणि ती महागडी मशीन्स कव्हर घालून कुलपात, चावी ज्याच्याकडे तो साहेब लग्नाला गेलेला. कॉम्प्युटरच्या रिसर्चमध्ये थिअरी ही एकच अशी शाखा असेल जिला यातलं काही लागत नाही, फळा, खडू, इंटरनेट, वर्षातून एकदा कुठे जाऊन चार लोकांशी बोलायचे पैसे, आणि माणूस. जीपीयूच्या, म्हणजे एआयला लागणाऱ्या महागड्या चिपांच्या शर्यतीत नाशिक बंगळुरूला कधी गाठणार नाही, पण खडू दोन्हीकडे सारखाच आहे ना.

माणूस निवडायचं माप पण आपण भलतंच धरलंय. थिअरीत लेखकांची नावं एबीसीडीने लावतात, कोणी किती काम केलं याचा क्रमाशी संबंध नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा करस्पाँडिंग लेखकाला ७० टक्के मार्क, बाकीच्यांना ३०-३०. आता २००२ मध्ये कानपूर आयआयटीत अग्रवाल, कयाल, सक्सेना या तिघांनी नऊ पानांत दाखवलं की एखादी संख्या मूळ आहे का हे खात्रीने आणि झटपट ठरवता येतं, शतकानुशतकांचा प्रश्न, त्यातले दोघं नुकतेच बीटेक झालेले. २००६ ला तिघांना गोडेल प्राइझ हे थिअरीतलं मोठं बक्षीस मिळालं. आमच्या प्रमोशनच्या फॉर्मात सक्सेनाला ३० टक्के. का, तर आडनाव 'एस'वरून.

आता यावर पहिला आक्षेप, जो माझ्या सासऱ्यांनीच घेतला, की कांद्याला भाव नाही आणि तुम्हाला प्रमेयं सुचतायत. बरोबर आहे. मग मी त्यांना उपयोगाचं उदाहरण दिलं. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर भाजीवाल्या मावशींच्या काट्याला लावलेला क्यूआर बघा, चिखल उडालेला, कोपरा फाटलेला, तरी स्कॅन होतो. हा कोड १९९४ मध्ये जपानमध्ये निघाला, त्याच्या सगळ्यात मजबूत प्रकारात तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो, आणि त्यामागचं गणित रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० मध्ये पाच पानांत लिहिलं होतं, त्या वेळी कोणाच्या खिशात फोन होता? सासरे म्हणाले मग ठीक आहे. पण मला स्वतःलाच हे उत्तर अर्धवट वाटतं, कारण त्या कानपूरच्या नऊ पानांचं काय? खरं सांगायचं तर बँकांचं सॉफ्टवेअर आजही मोठी मूळ संख्या शोधताना ती रीत वापरत नाही, जुन्या, थोडं नशिबावर सोडणाऱ्या रीती जास्त वेगवान आहेत. म्हणजे रीड-सॉलोमन चौतीस वर्षांनी क्यूआरमध्ये आणि पुढे भाजीच्या काट्यावर आलं, आणि हे कदाचित कधीच येणार नाही. लिहिताना कुणालाच कळत नव्हतं कुठलं येणार. म्हणून 'आम्हीपण उपयोगी आहोत हो' अशी गयावया मला नको वाटते, पकडले जाऊ.

दुसरा आक्षेप जरा चांगला आहे, की कायमची नोकरी दिली की माणूस झोपतो. झोपतात. पर्मनंट झाल्यावर पुस्तकाला हात न लावलेले लोक मी बघितलेत, काही माझे चांगले मित्र आहेत. पण झोपलेल्या माणसाचा खर्च एका पगाराइतका, आणि फाईल भरत जागा असलेल्याचा पण तेवढाच. तिसरा आक्षेप हल्ली रोज येतो, एआय करेल की प्रमेयं सिद्ध. करेलही. पण ते झालं तर त्याच्या कितीतरी आधी पुण्याच्या कंपनीतलं ते टेस्टिंगचं काम जाईल, जे आपण काकांना 'पक्कं' म्हणून सांगतोय.

काकांना मी शेवटी जे सांगितलं ते असं. पीएचडीला जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहे, पंतप्रधान फेलोशिप लागली तर ७०,००० पासून सुरू, पण ती फार थोड्यांना. पाच-सहा वर्षं. मग पोस्टडॉक. मग जागा निघाली आणि नशीब असलं तर नोकरी, देशात या विषयाच्या खरोखर जोरात चालणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या, मुंबईचं टीआयएफआर (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च), चेन्नईच्या दोन संस्था, बंगळुरू, काही आयआयटी. प्रायव्हेट लॅब असतात, पण २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅलीची रिसर्च लॅबच बंद केली, तिथे तर या विषयातली भलीभली माणसं होती. एक प्रश्न चार वर्षं धरून बसायचा आणि पाचव्या वर्षी कळायचं की दुसऱ्या कुणीतरी आधीच सोडवला, असंही होतं.

काका सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, आमची बाग म्हणजे सगळंच बेभरवशाचं. गारा पडल्या तर एका रात्रीत वर्ष जातं, नाही पडल्या तर व्यापारी चेक देऊन पळतो. म्हणून म्हटलं पोराचं तरी पक्कं असावं."

माझ्या डोक्यात तेव्हापासून हेच बसलंय. बाप चुकीचं काय बोलला? काहीच नाही. एकट्या माणसाच्या बागेवर गार पडली तर तो संपतो, म्हणून तर विमा काढतात, म्हणून तर सरकारकडे नुकसानभरपाई मागतात, शंभर जणांत वाटलं की झेपतं. शंभर मुलांनी थिअरी केली तर दोघा-चौघांच्या हाताला काही लागेल, बाकीचे चांगले मास्तर होतील, पुढच्यांना नीट शिकवतील. राज्याला हा हिशोब सहज परवडतो. दिंडोरीच्या एका घराला नाही परवडत, आणि आज तो पूर्ण बोजा आपण त्या घरावर टाकलाय, वर पोराला 'पॅशन फॉलो कर' म्हणून रील दाखवतोय. मला पॅशनचं भाषण नको, मला रिकाम्या जागा भरलेल्या पाहिजेत. नाशिकच्या प्रत्येक कॉम्प्युटर डिपार्टमेंटला एक, फक्त एक, कायम माणूस, ज्याला आठवड्यातले दोन दिवस कुठलीही फाईल मागायची नाही. पाच वर्षांनी विचारा काय वाचलंस, कुणाला शिकवलंस, कुठे अडलास. पेपर किती छापलेस हे विचारू नका, पैसे घेऊन छापणारे गल्लोगल्ली आहेत.

मुलाने डिसेंबरमध्ये टीआयएफआरची परीक्षा दिली होती, इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. पुण्याची ऑफर पण त्याने सोडलेली नाही अजून, आणि मी सोड म्हटलेलं नाही. गेल्या आठवड्यात तो सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला गेला, काकांनी स्वतः नाशिकरोडला सोडलं आणि परत जाताना मला फोन केला.

"बसला गाडीत. मॅडम, एक विचारायचं राहिलं. ते पीएचडीनंतर जे म्हणला तुम्ही, पोस्ट काहीतरी, ते कायम असतं का?"

"नाही काका, दोन वर्षांचं, तीन वर्षांचं. संपलं की दुसरीकडे."

"म्हणजे ते पण तुमच्यासारखं सीएचबीच म्हणायचं," ते म्हणाले. "बरं, ठेवतो. बागेत व्यापारी आलेत."